हवामान जोखीम अहवाल मागवताय? या चुका टाळा

गेल्या काही वर्षांत हवामान जोखमीच्या, म्हणजे हवामान बदलाने आपल्या कामाला काय धोका आहे हे सांगणाऱ्या, अहवालांना चांगलेच दिवस आले आहेत. सेबीने २०२२-२३ पासून बाजारमूल्यानुसार पहिल्या हजार सूचिबद्ध कंपन्यांना बीआरएसआर, म्हणजे पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा, अहवाल सक्तीचा केला. मार्च २०२२ मध्ये मुंबई महापालिकेचा वातावरण कृती आराखडा आला आणि पाठोपाठ इतर शहरांनीही आराखडे मनावर घेतले. अहवाल जाडजूड असतात, नकाशे लालभडक असतात. पण ते मागवणाऱ्यांना विचारा, या अहवालामुळे तुमची कोणती खरेदी, कोणतं डिझाइन, कोणती तारीख बदलली? बहुतेक जण इकडेतिकडे बघतात. यात दोष विज्ञानाचा क्वचितच असतो. मागतानाच चूक झालेली असते, किंवा आलेल्या आकड्याचं काय करायचं हे कोणीच ठरवलेलं नसतं.

पुढच्या चुका कंपन्यांच्या सस्टेनेबिलिटी विभागांत दिसतात, पालिकांत दिसतात आणि शेतकरी उत्पादक कंपन्यांतही दिसतात.

"२०५० साली आमच्या भागात काय होईल?" असं विचारणं

ही सगळ्यांत महागात पडणारी चूक. असा मोघम प्रश्न विचारला की सल्लागार तापमान, पाऊस, आर्द्रता, वारा, समुद्रपातळी असं सगळं बांधून देतो. त्यातलं नेमकं काय वापरायचं ते तुमच्या अभियंत्याला कळत नाही आणि तो जुनंच डिझाइन पुढे रेटतो.

पावसाळी गटाराचं उदाहरण घ्या. गटार बांधणाऱ्या उपअभियंत्याला मुळात एकच आकडा हवा असतो : ताशी किती मिमी पावसाचं पाणी या पाइपातून वाहून गेलं पाहिजे? मुंबईतली जुनी गटारं ताशी २५ मिमीच्या हिशेबाने बांधलेली होती. पावसाळी गटारं सुधारण्याच्या ब्रिमस्टोवॅड प्रकल्पात ही क्षमता ताशी ५० मिमीवर न्यायचं ठरलं. हवा एका अंशाने तापली की तिची बाष्प धरून ठेवण्याची क्षमता साधारण ७ टक्क्यांनी वाढते. हे भौतिकशास्त्र आहे, त्यासाठी हवामानाचं भविष्य मांडणाऱ्या कुठल्याही संगणकी मॉडेलवर विसंबावं लागत नाही. हाच दर पावसाच्या तीव्रतेला लावला तर आणखी दोन अंशांच्या तापमानवाढीला ५० चे साधारण ५७ होतात. तासाभराच्या मुसळधार पावसात वाढ याहून जास्तही दिसू शकते, त्यामुळे ५७ हा किमान हिशेब समजा. आता अभियंत्याच्या हातात काहीतरी आलं. पाइपचा व्यास वाढवायचा, की वर साठवण टाकी करायची, की रस्ता दोन तास पाण्याखाली राहील हे मान्य करायचं, यावर तो टिप्पणी लिहू शकतो.

म्हणून सल्लागाराला पत्र लिहिण्याआधी चार गोष्टी कागदावर उतरवा. निर्णय कोणता, तो कोणाच्या सहीने होतो, कोणत्या एककातला आकडा लागतो आणि जे बांधतोय ते किती वर्षं वापरायचं आहे. पंप पंधरा वर्षांनी बदलतो, गटार पन्नास वर्षं राहतं. दोघांना एकच भविष्य लावण्यात अर्थ नाही.

इथेच एक उपचूक. "शंभर वर्षांतून एकदा" येणारा पाऊस म्हणजे आपल्या हयातीत येणार नाही असं बैठकीत कोणीतरी म्हणतंच. त्याचा खरा अर्थ दर वर्षी १ टक्का शक्यता. तीस वर्षं वापरायच्या इमारतीला असा पाऊस एकदा तरी गाठण्याची शक्यता २६ टक्के होते. "पंचवीस वर्षांतून एकदा" वाला पाऊस असेल तर ७१ टक्के. आणि हा हिशेब हवामान बदलत नाही असं धरून केलेला आहे. संचालक मंडळापुढे "शंभर वर्षांतून एकदा" हा वाक्प्रचार नका वापरू, हे टक्के ठेवा.

कारखान्याच्या गेटपर्यंतच्या आकड्यावर विश्वास ठेवणं

हल्ली पिनकोड टाकला की जोखमीचा गुण देणारे प्लॅटफॉर्म मिळतात. स्क्रीनवर दशांशचिन्हानंतर दोन आकडे असले की माणूस भुलतो. पण मागे काय आहे ते बघा. जागतिक हवामान मॉडेलं पृथ्वीचे चौकोन पाडतात आणि बऱ्याच मॉडेलांचा एक चौकोन शंभर किमीच्या आसपास किंवा त्याहून मोठा असतो. महाबळेश्वरात वर्षाला साडेपाच हजार मिमीच्या आसपास पाऊस पडतो. घाट उतरून वाईला आलात की तो हजाराच्याही आत. मॉडेलच्या एका चौकोनात ही दोन्ही गावं सुखाने नांदतात आणि त्या चौकोनाचा पाऊस ना महाबळेश्वरचा असतो ना वाईचा.

मग सल्लागार सांगतो, "आम्ही २५ किमीपर्यंत डाउनस्केल केलंय," म्हणजे मोठे चौकोन बारीक केलेत. नासाचा असा डेटा सगळ्यांना खुला आहे आणि तो उपयोगीही आहे. फक्त एवढं ध्यानात घ्या की सांख्यिकी पद्धतीने बारीक केलेल्या डेटात बारकावा येतो तो जुन्या निरीक्षणांमधून, नव्या भौतिकशास्त्रातून नाही. सह्याद्रीच्या कुशीत पर्जन्यमापक विरळ असतील तर तो बारकावाही तेवढाच विरळ. शिवाय २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिमी पडला तेव्हा त्याच शहरातल्या कुलाब्याला शंभरही पडला नव्हता. असा पाऊस २५ किमीच्या चौकोनात नीट मावत नाही.

उपाय साधा आहे. तुमच्या जागेजवळच्या केंद्राची जुनी निरीक्षणं आधी मिळवा. हवामान विभागाची आहेत आणि राज्यात महावेध प्रकल्पाची महसूल मंडळनिहाय स्वयंचलित केंद्रंही आहेत, फक्त महावेधची नोंद अजून लहान आहे. मॉडेलकडून फक्त *बदल* घ्या, इतके अंश किंवा इतके टक्के, आणि तो प्रत्यक्ष निरीक्षणांवर चढवा. सल्लागाराने हे केलं आहे का, हा एक प्रश्न विचारलात तरी अर्धे अहवाल तिथेच उघडे पडतात.

उसना उंबरठा

उंबरठा म्हणजे जो आकडा ओलांडला की इशारा द्यायचा तो. मे २०१० च्या उष्णतेच्या लाटेत अहमदाबादेत नेहमीपेक्षा तेराशेहून जास्त मृत्यू झाले. त्यानंतर २०१३ मध्ये तिथे देशातला पहिला उष्णता कृती आराखडा आला. त्यांनी आपल्याच शहरातलं तापमान आणि आपल्याच शहरातले मृत्यू जुळवून बघितले. त्यातून पिवळा इशारा ४१ अंशांच्या पुढे, नारंगी ४३ च्या पुढे आणि लाल ४५ ला असे टप्पे ठरले. पुढे देशभर आराखडे झाले, पण २०२३ मध्ये सेंटर फॉर पॉलिसी रिसर्च या संशोधन संस्थेने ३७ आराखडे तपासले तेव्हा बहुतेक स्थानिक परिस्थितीला धरून नाहीत असं दिसलं.

अहमदाबादचे आकडे रायगडला लावले तर काय होईल? इशारा वाजणारच नाही. एप्रिल २०२३ मध्ये खारघरच्या मैदानातल्या कार्यक्रमात उष्माघाताने माणसं दगावली तेव्हा पारा चाळिशीच्या खालीच होता. दमट हवेत घाम वाळत नाही आणि ३७-३८ अंशही जिवावर बेततात. हवामान विभाग किनारपट्टीसाठी उष्णतेच्या लाटेचा निकष ३७ अंशांपासून धरतो, मैदानी भागात ४० पासून, तो याच कारणाने. बांधकामाच्या साइटवर किंवा गोदामात कामाच्या वेळा बदलायच्या असतील तर कोकणात आर्द्रता धरणारा निर्देशांकच मागा.

उंबरठ्याच्या पोटात आणखी एक भानगड असते. समजा तुमच्या जिल्ह्यात मे महिन्यात कमाल तापमान ४१ च्या आसपास असतं, पण मॉडेल तिथे मुळातच दोन अंश थंड आहे. मग मॉडेलच्या भूतकाळात चाळीस अंश ओलांडणारे दिवस जेमतेम तीन निघतात आणि भविष्यात एकवीस. अहवालाचा मथळा होतो : "उष्ण दिवस सातपट!" प्रत्यक्षात तुमचे कामगार आजच महिनाभर चाळिशी सोसत आहेत. असा "पट" दिसला की आधी भूतकाळातला आकडा निरीक्षणांशी ताडून बघा. तो जुळत नसेल तर भविष्याचं पान उलटूच नका.

सरासरीवर निर्धास्त होणं

एप्रिल २०२३ मध्ये हवामान विभागाने मोसमी पावसाचा अंदाज दीर्घकालीन सरासरीच्या ९६ टक्के, पाच टक्के कमी-अधिक, असा दिला. पडला ९४ टक्के. म्हणजे अंदाज मर्यादेत बसला. पण त्याच हंगामातला ऑगस्ट १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ठरला, देशभरात ३६ टक्के तूट. ज्याचं सोयाबीन शेंगा भरण्याच्या वेळी वाळलं त्याला ९४ टक्क्यांचं काय कौतुक?

शेतकरी उत्पादक कंपनीने किंवा कच्चा माल घेणाऱ्या उद्योगाने हंगामाच्या बेरजेपेक्षा पावसाचा खंड विचारावा. राज्यात पीक विम्याच्या मध्यावधी भरपाईसाठी महसूल मंडळात २१ दिवसांहून मोठा खंड बघितला गेला, अतिवृष्टीसाठी २४ तासांत ६५ मिमी. ज्या आकड्यावर सरकारी फाईल हलते तोच आकडा शास्त्रज्ञाला द्या. "आमच्या मंडळात गेल्या चाळीस वर्षांत २१ दिवसांचा खंड किती वेळा पडला आणि त्याची वारंवारिता बदलतेय का?" याचं उत्तर काढता येतं आणि त्यावर पेरणीचं वाण, शेततळं, गोदामाचा करार असं बरंच काही ठरवता येतं.

सरासरीचं दुसरं रूप मॉडेलांच्या बाबतीत दिसतं. दहापैकी पाच मॉडेलं पाऊस वाढेल म्हणतात, पाच घटेल म्हणतात आणि अहवालात छापलं जातं "लक्षणीय बदल नाही". हे धादांत दिशाभूल करणारं वाक्य आहे. सरासरीबरोबर सगळ्या मॉडेलांचा पसारा मागा आणि दोन्ही टोकांना तुमची योजना टिकते का ते तपासा.

सगळ्यांत भयंकर सिनॅरिओ निवडून मोकळं होणं

सिनॅरिओ म्हणजे जगाचं उत्सर्जन पुढे किती होईल याचा गृहीत धरलेला मार्ग. तो निवडण्यात फार वेळ घालवू नका. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान बदलविषयक समितीच्या सहाव्या अहवालानुसार २०४१-६० या काळात मध्यम उत्सर्जनाच्या मार्गावर जागतिक तापमानवाढ (१८५०-१९०० च्या तुलनेत) सुमारे २.० अंश आणि सर्वांत जास्त उत्सर्जनाच्या मार्गावर २.४ अंश असेल. शतकाअखेरीस मात्र तेच आकडे २.७ आणि ४.४ होतात. म्हणजे २०४० पर्यंतच्या निर्णयाला सिनॅरिओवरून भांडायची गरज नाही, तिथे निसर्गाचा वर्षागणिक चढउतारच जास्त त्रास देतो. धरण, बंदर, किनाऱ्यालगतचा रस्ता असेल तर दोन्ही मार्ग लावून बघा.

अहवाल बरोबर, पण उशिरा

पालिकांची अंदाजपत्रकं साधारण जानेवारी ते मार्चमध्ये मांडली जातात आणि विभागांच्या मागण्या त्याच्या आधी जातात. मे महिन्यात आलेला उत्तम अहवाल वर्षभर कपाटात राहतो, तोवर अधिकाऱ्याची बदली होते. कंपन्यांतही भांडवली खर्चाचा आराखडा आधी ठरतो आणि बीआरएसआरची धावपळ मार्चनंतर सुरू होते, त्यामुळे जोखमीचा अभ्यास फक्त खुलाशाच्या रकान्यात जाऊन बसतो.

करारात तीन कलमं घालून घ्या. पहिला मसुदा अंदाजपत्रकाच्या मागणीआधी मिळेल, पीडीएफबरोबर मूळ डेटाही मिळेल आणि शेवटचा मसुदा तयार होण्याआधी ज्या अभियंत्याला किंवा खरेदी अधिकाऱ्याला तो वापरायचा आहे त्याच्यासोबत सल्लागार अर्धा दिवस बसेल. तिसऱ्या कलमाला सल्लागार कुरकुर करतात. त्यावर मात्र अडून राहा.