गळ्यातला पंखा हवा देत नाही? आधी या चुका टाळा

एप्रिल लागला की नागपुरात गळ्यातले पंखे, म्हणजे मानेभोवती पट्ट्यासारखे अडकवायचे बॅटरीवरचे पंखे, बाहेर निघतात आणि पंधरा दिवसांत तक्रार सुरू होते: "हवाच लागत नाही." बहुतेक वेळा मोटर ठणठणीत असते. एकतर हवेची वाट अडलेली असते, नाहीतर कोरड्या मानेवर पंचेचाळीस अंशांची हवा मारून गारव्याची वाट पाहणं चाललेलं असतं. तरी पहिला हात जातो तो स्क्रू-ड्रायव्हरकडे.

दुपट्ट्याच्या आत पंखा

'बिनपात्यांचा' म्हणून विकल्या जाणाऱ्या पंख्यालाही पाती असतात. पट्ट्याच्या दोन्ही टोकांत एकेक छोटा ब्लोअर असतो. तो जाळीतून हवा ओढतो, पोकळ पट्ट्यात ढकलतो आणि ती फटींतून मानेवर येते. जाळी झाकली की पुढचं सगळं थांबलं. आपल्याकडे नेमकं तेच होतं, कारण डोक्याला-तोंडाला दुपट्टा गुंडाळल्याशिवाय कुणी गाडी काढत नाही आणि पंखा त्या दुपट्ट्याच्या आत जातो.

नागपूरच्या बर्डीत (सीताबर्डी बाजारात) दिवसभर पार्सल पोचवणाऱ्या एका मुलाचा पंखा असाच गेला. आधी डावी बाजू मंदावली, मग घरघर सुरू झाली. त्याने वेग कायम तीनवर ठेवला, तर बॅटरी दुपारीच बसायला लागली. मग दुकानातून नवी बॅटरी टाकून घेतली. पैसे गेले, हवा तेवढीच. शेवटी जाळीचं झाकण काढलं तेव्हा आत दुपट्ट्याचे सुती तंतू, केस आणि रस्त्याची धूळ घामाच्या ओलीने नमद्यासारखी घट्ट बसलेली होती. पात्यांच्या आतल्या वळणात मळ एकाच बाजूला जास्त होता, त्यामुळे चाकाचा तोल गेला होता, घरघर त्याचीच. टूथब्रशने दहा मिनिटांत काम झालं. नव्या बॅटरीची गरजच नव्हती.

उन्हात दुपट्टा हवाच. पण त्याची टोकं मागे खोचा आणि दोन्ही जाळ्या समोर, गळ्याच्या हाडाजवळ उघड्या राहू द्या. कॉलर कडक असेल तर वरचं बटण काढा. पट्टा मानेला चिकटला तर फटी बुजतात, मधे बोटभर जागा हवी.

सफाई आठवड्यातून एकदा. पंखा बंद करून जाळी जमिनीकडे धरायची, म्हणजे मळ आत न जाता खाली पडतो. कोरडा मऊ ब्रश पुरतो. धूळ उडवायच्या बाहेरच्या ब्लोअरने झटका मारायचाच असेल तर आधी पातं टूथपिकने अडवा. मोकळं सोडलं तर ते भलत्या वेगाने फिरतं आणि बेअरिंग खराब होतं. खोबरेल तेल तर अजिबात नको, त्यावर धूळ दुप्पट चिकटते.

पाणी चुकीच्या जागी

कूलरच्या ओल्या ताट्या पाहून मोठे झालेले आपण. त्यामुळे जाळीवर ओला कापूस किंवा बर्फाचा तुकडा बांधायची कल्पना हमखास सुचते. ओला कापूस हवा अडवतो आणि ओघळलेलं पाणी थेट मोटर-सर्किटवर जातं. पाणी हवंच, पण मानेवर.

हिशेब साधा आहे. २००० एमएएचची, ३.७ व्होल्टची बॅटरी पूर्ण भरली की तिच्यात सुमारे २६,६०० ज्यूल ऊर्जा असते. एक ग्रॅम पाणी वाफ होताना साधारण २,४०० ज्यूल उष्णता घेतं. म्हणजे अख्ख्या बॅटरीच्या बरोबरीचं काम अकरा ग्रॅम पाणी, दोन चहाचे चमचे, करतं. त्वचेचं तापमान पस्तिसाच्या आसपास असतं. मे महिन्यातली हवा त्याहून तापलेली, म्हणून कोरड्या मानेवर ती उष्णता काढत नाही, उलट देते. गार वाटतं ते फक्त ओल सुकण्याने. विदर्भातली हवा तेव्हा कोरडी असते, हा आपला फायदा.

सुती रुमाल भिजवा, थेंब गळणार नाही इतका पिळा, मानेमागे ठेवा आणि वारा त्यावर येऊ द्या. सुकला की पुन्हा भिजवा. पावसाळा लागला की ही युक्ती निम्म्यावर येते, कारण दमट हवेत पाणी लवकर सुकत नाही. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, घाम थांबला किंवा चक्कर आली तर पंख्याचा वेग वाढवत बसू नका. सावलीत जा, अंगावर पाणी घ्या, दवाखाना गाठा.

बाकीच्या चुका, थोडक्यात

पट्ट्याला ड्रिलने जादा भोकं पाडणं. ब्लोअरजवळ भोक पडलं की हवा तिथेच निसटते, मानेमागे काही पोचत नाही. चुकून पाडलंच असेल तर टेप लावून बुजवा.

धूळ नको म्हणून जाळीवर स्पंज. हवा अडते. मी तिथे काहीच लावू देत नाही, ब्रश बरा.

व्होल्टेज वाढवणं. वेग २० टक्के वाढवायला मोटरला सुमारे १.७ पट वीज लागते. एवढ्या उतावळेपणात मोटर जळते आणि हवा जेमतेम वाढते.

तारा उलट जोडणं. ब्लोअरची हवा त्याने उलटी वाहत नाही, सर्किट मात्र जाऊ शकतं.

उन्हातल्या गाडीच्या डिक्कीत पंखा ठेवणं, आणि तापलेला असतानाच चार्जिंगला लावणं. लिथियम सेल ४५ अंशांहून जास्त तापलेला असताना चार्ज करायचा नसतो. आधी घरात गार होऊ द्या. सेल फुगला असेल तर टोचू-दाबू नका, वापर बंद करा आणि ई-कचऱ्यात द्या.

काहीही उघडण्याआधी टिश्यूची बोटभर पट्टी प्रत्येक फटीसमोर दोन सेंटिमीटरवर धरा. दोन्ही बाजूंना सारखीच लुळी पडली तर आधी पूर्ण चार्ज करून पाहा. एकाच बाजूला लुळी असेल तर त्या बाजूची जाळी साफ करा; तरीही तेच असेल तर मोटर किंवा तिची तार गेली. पुढे फडफडते आणि मागे नाही, तर पट्ट्याच्या जोडात चीर शोधा. दोन तुकडे जोडलेल्या पट्ट्यात ती बहुधा वाकण्याच्या जागी पडते.