पहिलीतल्या मुलांना रझा शिकवताना

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात मी पहिली-दुसरीचा वर्ग घेते. चित्रकार सय्यद हैदर रझा शिकवायचे तर जन्मसालापासून सुरुवात करू नका. मी एकदा १९२२ पासून सांगायला घेतलं. पाच मिनिटांत निम्म्या वर्गाचं लक्ष खिडकीबाहेर.

आधी भिंतीवर खडूने रुपयाएवढा ठिपका काढा. मुलांना समोर बसवा, त्याच्याकडे बघायला सांगा. मिनिटभर पुरे. मग गोष्ट सांगा. मध्य प्रदेशात मंडल्याकडे जंगलातल्या गावात एक मुलगा होता, वडील वनखात्यात. शाळेत त्याचं चित्त थाऱ्यावर नसे. गुरुजींनी भिंतीवर असाच ठिपका काढला आणि म्हणाले, बघत बस. तो पुढे चित्रकला शिकायला आपल्या नागपूरला आला, मग मुंबईला, १९५० मध्ये पॅरिसला. खूप वर्षांनी तोच ठिपका 'बिंदू' होऊन त्याच्या चित्रांत आला. नागपूर म्हटलं की मुलं सरसावून बसतात. कुणाचा तरी मामा तिथे असतोच.

आता चित्र दाखवा. मोबाईलवर नको, तालुक्याहून मोठी रंगीत प्रिंट आणा. काय दिसतं ते विचारा आणि गप्प राहा, हे फार महत्त्वाचं. माझ्या वर्गात जूनअखेरीस, घरोघरी कपाशीची टोबणी चालू असताना, एक जण म्हणाला, "बाई, हे तं सरकी हाये!" रझा स्वतः बिंदूला बीज मानत. मी हे सांगितलेलं नव्हतं. माझ्या अंगावर काटा आला.

रंग घरचेच: हळद, गेरू, कपड्यांची नीळ, वाटलेला कोळसा, पांढऱ्यासाठी खडूची पूड. बाभळीचा डिंक रात्रभर भिजवून त्यात कालवा, नाहीतर वाळल्यावर पापुद्रे सुटतात. चुना मुलांच्या हाती देऊ नका, हात भाजतात. पण चिमूटभर चुना तुम्ही स्वतः ओल्या हळदीत मिसळून दाखवा. पिवळ्याचा लाल होताना वर्गात टाचणी पडली तरी ऐकू येईल.

खोक्याचा पुठ्ठा घ्या. गोल बांगडीने आखू देऊ नका, सगळ्यांचे सारखेच येतात. बोटानेच, मधून बाहेर फिरवत भरायला लावा. वाकडा झाला तर झाला. पुठ्ठे सावलीत वाळवा. उन्हात हळद उडते.

भिंतीवरचा ठिपका मात्र पुसू नका. आमच्याकडची मुलं मधल्या सुट्टीनंतर आपणहून त्याच्यापुढे जाऊन बसतात.