पॅरिसच्या बिस्ट्रोत जेवायला जाताय? या चुका टाळा, आम्ही सगळ्या करून बसलोय

संध्याकाळचे सव्वासहा वाजलेले, दिवसभर मोंमार्त्रच्या पायऱ्या चढून-उतरून पायाचे तुकडे पडलेले, आईला साडेसातच्या आत जेवायची सवय, आणि समोर लाल छताखाली गोल टेबलं मांडलेला अगदी फोटोतल्यासारखा बिस्ट्रो, म्हणजे तिकडचं छोटं, साधं जेवणाचं हॉटेल. आत शिरलो, मोकळं टेबल दिसलं, खुर्च्या ओढल्या, बसलो. पाच मिनिटं झाली, दहा झाली, कोणी बघेचना. शेवटी मी हात हलवून हलवून वेटरला बोलावलं तर तो थंडपणे म्हणाला की किचन सात वाजता उघडतं, आत्ता फक्त ड्रिंक्स. त्यावर बाबा मराठीत जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

नंतर माझ्या मावसबहिणीला, जी तिथे बरीच वर्षं राहते, हे सांगितलं तर ती हसत सुटली. म्हणाली, अगं दहा मिनिटांत तीन चुका केल्यात तुम्ही, तो वेटर उद्धट नव्हता, त्याच्या लेखी तुम्ही उद्धट होतात! मग तिने आमची जी शिकवणी घेतली ती आणि पुढच्या आठवडाभरात आम्ही आपल्या आपण केलेले घोळ, असं सगळं मिळून हे लिहितेय.

आधी बोंझूर, मग बाकी सगळं

हे इतकं साधं आहे की कोणी मनावर घेत नाही. दारात पाऊल टाकलं की "बोंझूर", संध्याकाळ झाली असेल तर "बोंस्वार", आणि तेही "टेबल आहे का"च्या आधी, वेगळं, त्या माणसाकडे बघून. आपल्याकडे हॉटेलात शिरल्यावर कोणी नमस्कार करत नाही, सरळ "चार माणसं" म्हणून बोटं दाखवतो, तिकडे ते म्हणजे कोणाच्या घरात न विचारता चपला घालून शिरल्यासारखं आहे. आणि टेबल मोकळं दिसलं तरी स्वतःहून बसायचं नाही, किती जण आहोत ते सांगायचं आणि ते नेतील तिथे बसायचं. बाहेर फुटपाथवरच्या टेबलांवर नुसती कॉफी प्यायची असेल तर बहुतेक ठिकाणी आपलं आपण बसलेलं चालतं, पण टेबलावर काटे-चमचे मांडलेले दिसले की समजायचं हे जेवणाऱ्यांसाठी आहे.

वेटरला "गार्सों" म्हणून हाक मारायची नाही, गार्सों म्हणजे पोऱ्या. "मुस्य" किंवा "मादाम", आणि शक्यतो नजरेनेच. चुटकी तर चुकूनही नाही.

भूक आपल्या वेळेला लागते, किचन त्यांच्या वेळेला उघडतं

दुपारचं जेवण साधारण बारा ते दोन-अडीच, रात्रीचं सात-साडेसातपासून पुढे. मधल्या वेळात किचन बंद, तिथे कितीही गोड बोला काही उपयोग नाही. बऱ्याच बिस्ट्रोंना रविवार किंवा सोमवार सुट्टी असते, आणि ऑगस्टमध्ये तर कित्येक मालक दोन-तीन आठवडे कुलूप लावून सरळ सुट्टीवर जातात, त्यामुळे कोणीतरी तीन वर्षांपूर्वी सुचवलेलं नाव घेऊन थेट जाऊ नका, आधी चालू आहे का बघा.

अवेळी भूक लागलीच तर "सेर्व्हिस कोंतिन्यू" असं लिहिलेलं ठिकाण शोधायचं, म्हणजे तिथे दिवसभर जेवण मिळतं. नाहीतर सरळ बुयों गाठायचं. बुयों म्हणजे खरं तर मांसाचं पाणी, सूप. १८५५ च्या सुमारास द्युव्हाल नावाच्या एका खाटकाने बाजारात राबणाऱ्या लोकांसाठी स्वस्तात गरम सूप आणि मांस द्यायला सुरुवात केली, त्यातून ही पोटभर-आणि-परवडणारी खानावळ पद्धत पुढे आली. त्यातलं सगळ्यात गाजलेलं बुयों शार्तिए, १८९६ पासूनचं, फोबूर मोंमार्त्रच्या रस्त्यावर. तिथे रांग लागते, रांग बघून घाबरू नका, हॉल प्रचंड आहे, भराभर सरकते. अनोळखी माणसांच्या शेजारी बसवतील, आपल्याकडे खानावळीत बसवतात तसं, काळं जाकीट आणि लांब पांढरा एप्रन घातलेला वेटर ऑर्डर टेबलावरच्या कागदावरच लिहील आणि शेवटी बेरीजही तिथेच करेल. भिंतीवर जुने लाकडी छोटे ड्रॉवर दिसतात, पूर्वी रोजची गिऱ्हाइकं आपापला रुमाल त्यात ठेवायची. मला स्वतःला जेवणापेक्षा तो हॉलच जास्त आवडला, जेवण ठीक.

नावाजलेल्या छोट्या बिस्ट्रोला मात्र बुकिंगशिवाय जाऊ नका. साडेआठचं मिळत नसेल तर साडेसातचं मागा, बऱ्याचदा मिळून जातं. उशीर होणार असेल तर फोन करा, नाहीतर टेबल गेलं समजा, आणि काही ठिकाणी कार्ड नंबर घेतलेला असतो, न जाता गप्प बसलात तर पैसे कापतात. आणि अकरा जणांची वरात नेऊ नका हो. टेबलं एवढीशी असतात की दोघांच्या प्लेट्स ठेवल्या की पाण्याला जागा नाही.

मेन्यू मागितला आणि थाळी आली

तिकडे "मेन्यू" म्हणजे ठरलेल्या किमतीचं ठरलेलं जेवण, आपली थाळीच म्हणा. सुटे पदार्थ बघायचे असतील तर "ला कार्त" मागायचं. दुपारी फळ्यावर खडूने "फॉर्म्युल" लिहिलेलं असतं, दोन पदार्थ एवढ्याला, तीन तेवढ्याला, पैसे वाचवायचे असतील तर तोच घ्या, रात्री तीच चव जास्त पैशांत मिळते. दुसरी गंमत "आंत्रे"ची. अमेरिकेत हा शब्द मुख्य जेवणाला वापरतात पण फ्रान्समध्ये आंत्रे म्हणजे सुरुवातीचा पदार्थ, मुख्य तो "प्ला". आमच्या हिने, म्हणजे माझ्या बहिणीने, पोटभर म्हणून आंत्रे मागवलं आणि समोर उकडलेलं अर्धंच अंडं मेयोनीज लावून आलं.

शाकाहारी म्हणजे काय हे गृहीत धरू नका

आता इथे जरा सविस्तर लिहिते कारण सगळ्यात जास्त मनस्ताप इथे होतो. आई शाकाहारी, अंडं चालतं. आम्ही हुशारीने तिच्यासाठी शेव्र शो सॅलड मागवलं, म्हणजे भाजलेल्या पावावर वितळलेलं बकरीच्या दुधाचं चीज आणि खाली हिरवी पानं. "व्हेजिटेरियन" असं दोनदा सांगितलं, वेटरने दोनदा मान हलवली. प्लेट आली, छान दिसत होती. आईने दोन घास खाल्ले आणि काट्याच्या टोकावर एक बोटाच्या पेराएवढा गुलाबी चौकोनी तुकडा धरून म्हणाली, "हा टोमॅटो असा रबरासारखा का लागतोय गं?"

लार्दों. डुकराच्या मांसाचे परतलेले तुकडे.

वेटरला बोलावलं तर तो मनापासून गोंधळला, म्हणाला सॅलडच आहे ना, लार्दों थोडेसेच आहेत, बाजूला काढा. तो खोटं बोलत नव्हता. आपण जशी वरणाला फोडणी देतो तसे ते लार्दों घालतात, फोडणीचा कोणी वेगळा पदार्थ मोजतं का! आई त्या रात्री पाव आणि पाणी यावर झोपली, आणि वर आम्हालाच म्हणाली "जाऊ दे, मुद्दाम नाही केलं त्याने", ते जास्त लागलं.

तेव्हा नुसतं व्हेजिटेरियन म्हणू नका, काय काय नको ते नावानिशी सांगा. "सां व्यांद, सां प्वासों, सां झांबों, सां लार्दों", मांस नको, मासे नको, हॅम नको, लार्दों नको. उच्चार जमत नसेल तर फोनवर फ्रेंचमध्ये लिहून ठेवा आणि दाखवा. कांद्याचं सूप शाकाहारी वाटतं पण ते बहुतेक गोमांसाच्या पाण्यात असतं. मसुराच्या सॅलडमध्ये लार्दों सापडतात. फ्राइज काही ठिकाणी गाईच्या चरबीत तळतात, विचारा. चीज बनवताना दूध घट्ट करायला वापरलेलं विरजणासारखं रेनेट प्राण्यांचं असू शकतं, काटेकोर पाळणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा. आणि चॉकलेट मूसमध्ये कच्चं अंडं असतं. मग उरलं काय? पुआरो विनेग्रेत, म्हणजे उकडलेली लीकची (कांद्याच्या पातीसारखी भाजी) पात आंबट-तेलकट ड्रेसिंगमध्ये, ऑम्लेट, ग्रातां दोफिनुआ म्हणजे सायीत भाजलेले बटाट्याचे काप, हे बऱ्याच ठिकाणी असतं. मागवतानाही वर काही घालत नाहीत ना ते विचाराच. जैन असाल तर बिस्ट्रोचा हट्ट सोडा, खरंच.

मांसाहारी लोकांनी जास्त हुशारी करू नये

"बफ" गाय-बैल, "व्हो" वासरू, "पोर" डुक्कर, "कानार" बदक, "पुले" कोंबडी, एवढं तरी पाठ करून जा, जे खात नाही ते टळेल. "री द व्हो" वाचून भात समजू नका, भाताच्या री चा उच्चार तसाच आहे पण हे वासराची ग्रंथी असते. आंदुयेत नावाचं सॉसेज आतड्यांचं असतं आणि त्याचा वास टेबलावर येण्याआधी येतो, बोटी आवडणाऱ्यांनी धाडस करावं, बाकीच्यांनी लांब राहावं. तार्तार म्हणजे सॉस नव्हे, कच्चं खिमलेलं गोमांस. आमच्या ग्रुपमधल्या एकाने मागवलं, समोर लालभडक गोळा आल्यावर त्याचा चेहराच त्यापेक्षा लाल झाला. असं झालं तर उपाय आहे, "आले-रतूर" करून मागा, म्हणजे दोन्ही बाजूंनी तव्यावर झर्रकन शेकून देतात, आतून कच्चंच राहतं पण निदान डोळे मिटून खाता येतं.

स्टेक मागवताना आपल्या अंदाजापेक्षा एक पायरी जास्त सांगा. "सेन्यां" म्हणजे रक्ताळ, "आ प्वां" मध्यम म्हणतात पण ते आपल्याला कच्चंच वाटतं, "ब्यां क्वी" म्हणजे पूर्ण शिजलेलं, वेटर जरा नाक मुरडेल, मुरडू दे, पैसे आपण देतोय. पहिल्यांदा जाणाऱ्याने माझ्या मते कोंफी द कानार घ्यावं, बदकाची तंगडी त्याच्याच चरबीत तासन् तास मंद शिजवलेली, वरून कुरकुरीत, हाडापासून आपोआप सुटते, कच्चं राहायची भीतीच नाही.

पाणी, पाव, तिखट

वेटर विचारतो साधं की सोडा, आणि आपण साधं म्हणतो, आणि येते विकतची बाटली. फुकटचं नळाचं पाणी हवं तर "उन काराफ दो" म्हणायचं. ते द्यायला ते कायद्याने बांधील आहेत, आणि २०२२ पासून तसं लिहून लावणंही सक्तीचं आहे, त्यामुळे लाजू नका. पावही फुकट, संपला की परत मागायचा, प्लेटमध्ये न ठेवता सरळ टेबलावर ठेवतात, लोणी नाही आलं म्हणून विचारत बसू नका. तिखट म्हणून फक्त वाटलेल्या मोहरीची पेस्ट, दिजोंची. माझ्या नवऱ्याने केचपसारखी फासली आणि नाकातून मेंदूपर्यंत झिणझिण्या! बाबांनी खिशातून लसणाच्या चटणीची पुडी काढली होती, ती मी टेबलाखालून परत खिशात कोंबली.

बिल येत नाही म्हणून चिडू नका

जेवण झालं, प्लेट्स उचलल्या, आता बिल येईल म्हणून आम्ही चाळीस मिनिटं बसलो. ते आपणहून आणत नाहीत, न मागता बिल ठेवणं म्हणजे उठा आता असं सांगणं, टेबल तुमचं आहे निवांत बसा असा भाव असतो. "लादिस्यों, सिल वू प्ले" म्हटलं की येतं. कॉफी गोड खाऊन झाल्यावर येते, बरोबर नाही, हवीच असेल तर तसं सांगा.

सर्व्हिसचे पैसे किमतीतच धरलेले असतात, वेगळे दहा टक्के जोडायची गरज नाही, आवडलं तर एक-दोन युरो ठेवा. कार्ड मशीनवर रुपयांत की युरोत असं विचारलं तर युरो निवडा, रुपयात त्यांचा दर महाग पडतो. कार्डाचा पिन पाठ असू द्या. आयफेल टॉवरच्या तिकिटाला यूपीआय चालतं म्हणून बिस्ट्रोत फोन पुढे करू नका, आमच्या बाबांनी केला होता.

आणि उरलं तर बांधून मागा. २०२१ च्या जुलैपासून मागितल्यावर डबा देणं तिथे सक्तीचं आहे, "डॉगी बॅग" म्हटलं तरी कळतं. शेवटच्या रात्री आईचं ग्रातां अर्धं उरलं ते आम्ही असंच बांधून घेतलं, आणि हॉटेलच्या खोलीत अकरा वाजता बाबांनी ती चटणीची पुडी उघडली, गार बटाट्यावर भुरभुरवली, आणि आईला म्हणाले, "आता खा."