मेंदूतल्या फुग्यात जेलची कॉइल बसवलीय? या चुका टाळा

"सिस्टर, आता नस मोकळी झाली की ओ?"

अक्कलकोट रोडवरच्या एका यंत्रमाग कामगाराच्या बायकोनं आयसीयूच्या दारात मला विचारलं. नस मोकळी केलेली नव्हतीच. मेंदूतल्या रक्तवाहिनीला आलेला फुगा आतून बुजवला होता. सोलापुरात अँजिओप्लास्टी आता घरोघरी ठाऊक आहे, त्यामुळे मांडीतून तार घातली म्हणजे ब्लॉकेज काढलं, असंच लोक धरून चालतात. पुढच्या निम्म्या चुका इथूनच सुरू होतात.

दुसरं टोकही बघितलंय. "नस बंद केली तर मेंदू सुकणार नाही का?" म्हणून सही करायला नकार देणारा मुलगा. बंद करायचा असतो तो फुगा. त्याच्या तोंडाजवळून जाणारी मूळ वाहिनी चालू ठेवायची असते.

मी समजावताना औषधाच्या छोट्या मापात चमचाभर सब्जा भिजवते. बोलणं संपेपर्यंत दाणे फुगून माप भरत आलेलं असतं. हायड्रोजेलची कॉइल अशीच असते. प्लॅटिनमची केसासारखी बारीक वेटोळी तार आणि तिला जोडून पाणी शोषणारं जेल. रक्त लागलं की जेल फुगायला लागतं. म्हणून आत डॉक्टरांच्या हाताशी वेळ मोजका असतो. कॉइल नीट बसत नसेल तर ती फुगायच्या आत मागे घ्यावी लागते, नाहीतर मांडीतून मेंदूपर्यंत नेलेल्या बारीक नळीत अडकते.

ऑपरेशनआधीच्या चुका साध्या असतात, पण त्याच अडवतात. भूल द्यायची म्हणून उपाशी ठेवलेल्या पेशंटला घरच्यांनी गुपचूप चहा-खारी दिली की केस पुढे ढकलली जाते. क्रिएटिनीनचा (किडनीच्या तपासणीचा) रिपोर्ट, पूर्वी डायच्या, म्हणजे नसा एक्स-रेत दिसाव्यात म्हणून देतात त्या औषधाच्या, इंजेक्शननं आलेली रिअॅक्शन आणि मधुमेहाची मेटफॉर्मिन चालू आहे का, हे विचारण्याची वाट न बघता सांगा. डायचा भार किडनीवर येतो. सरकारी योजनेतून करायचं असेल तर मंजुरीची कागदपत्रं आधी मार्गी लावा.

आता सगळ्यात महागात पडणारी चूक: गोळ्या. फुग्याचं तोंड रुंद असेल तर कॉइल बाहेर घसरू नये म्हणून कधी कधी वाहिनीत स्टेंटही, म्हणजे बारीक जाळीची नळी, ठेवतात. मग अॅस्पिरिन आणि त्याच्या जोडीला रक्त पातळ करणारी दुसरी गोळी, बहुधा क्लोपिडोग्रेल, चालू राहते. आमच्या एका पेशंटच्या दंडावर दोन महिन्यांनी निळे डाग दिसले. घरच्यांनी परस्पर गोळ्या बंद केल्या. पाचव्या दिवशी भाकरी मोडताना उजव्या हातातून तुकडा सुटला, आणि बोलणं अडखळायला लागलं. स्टेंटमध्ये गुठळी झाली होती. डाग दिसले, दात काढायचा आहे, उपवास आहे, गावाला जायचंय, कारण काहीही असो, ज्या डॉक्टरांनी गोळी सुरू केली त्यांना फोन करा. मेडिकलवाल्याला नको. आणि शेजारच्याला स्टेंट आहे म्हणून त्याची गोळी आपण घ्यायची, हेही नको. नुसती कॉइल असेल तर हिशेब वेगळा असतो.

मांडीतून नळी घातली असेल तर सांगतील तितके तास पाय सरळ ठेवा. घरी गेल्यावर काही दिवस उकिडवं बसणं, पाण्याची घागर उचलणं, मोटारसायकलला किक मारणं बंद. पुण्याहून उपचार करून हुतात्मा एक्सप्रेसनं परत येणार असाल तर जांघेकडे लक्ष ठेवा. तिथे अचानक गाठ आली किंवा रक्त आलं तर आडवं करून तळहातानं घट्ट दाबून धरा आणि मदत बोलवा. कापूस लावून बघत बसू नका.

"जेल फुगलं, फुगा भरला, आता सहा महिन्यांनी पुन्हा अँजिओग्राफी कशाला? पैसे काढायचे धंदे!" हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता राग येत नाही. नुसत्या प्लॅटिनमच्या कॉइलनं फुग्याची साधारण एक तृतीयांश किंवा त्याहून कमीच जागा भरते, उरलेल्या जागेत रक्ताची गुठळी असते. रक्ताचे ठोके बसून बसून कॉइल दबते आणि तोंड पुन्हा उघडू शकतं. जेल आणलं ते ही उरलेली जागा भरायला. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या, ४९९ रुग्णांवरच्या चाचणीत दीडेक वर्षानं फुगा मोठ्या प्रमाणात पुन्हा उघडलेले साध्या कॉइलवाले ३३ टक्के होते, जेलवाले २४. फरक पडला, पण चोवीस म्हणजे शून्य नव्हे. तपासणीची तारीख चुकवायची नाही.

एमआरआयची भीतीही अशीच. प्लॅटिनम म्हणजे लोखंड नव्हे, चुंबक ते ओढून काढत नाही. पण कोणत्या मशीनवर, कोणत्या अटींवर चालेल ते इम्प्लांट कार्डावर, म्हणजे बसवलेल्या कॉइलची माहिती असलेल्या कार्डावर, असतं. ते कार्ड फाइलच्या पिशवीत सडवू नका, मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा.

बिडी सोडा. सोलापुरात हे बोलणं म्हणजे कुणाच्या तरी पोटावर पाय, मला कळतं. बिड्या वळणाऱ्या बायका माझ्याही नात्यात आहेत. पण धूम्रपान आणि वाढलेला बीपी, हे दोन्ही अशा फुग्याचे जुने सोबती आहेत.

शेवटचं, डोकेदुखीचं. सुरुवातीचे काही दिवस डोकं जड वाटू शकतं. काही आठवड्यांनी डोकेदुखी वाढत चालली, मान आखडली, ताप आला, चालताना तोल जायला लागला तर बाम चोळू नका. जेलच्या कॉइलनंतर मेंदूच्या आवरणाला जंतूंशिवायची सूज आल्याच्या किंवा मेंदूत पाणी साठल्याच्या नोंदी आहेत. आणि डोक्यात घण घातल्यासारखी, आयुष्यात कधी झाली नव्हती अशी कळ एका क्षणात आली, तर सकाळच्या ओपीडीची वाट बघायची नाही. १०८ लावा, आणि फोनवर पहिलं वाक्य हेच बोला: "मेंदूत कॉइल बसवलेली आहे."