साहस भांडवल: सही करण्याआधी मांडलेलं गणित

लातूरच्या अडतीवर सोयाबीनच्या ओलाव्यावरून रोज वाद होतात. खरेदीदार चार दाणे दाताखाली धरतो, "ओला आहे" म्हणतो आणि भाव उतरवतो. शेतकऱ्याच्या हाती पुरावा नसतो. म्हणून मी आणि माझ्या मित्रानं ओलावा मोजायचं स्वस्त यंत्र बनवलं आणि लगेच फंडिंगच्या मागे लागलो.

व्हेंचर कॅपिटल, म्हणजेच साहस भांडवल, हे कर्ज नव्हे, हे आधी पक्कं करा. हप्ता नाही, व्याज नाही, शेत तारण नाही. पैसे देणारा कंपनीत हिस्सा घेतो. धंदा बुडाला तर त्याचेही पैसे बुडतात. पण ते पैसेही त्यानं दुसऱ्यांकडून आणलेले असतात आणि साधारण 8-10 वर्षांत वाढवून परत द्यायचे असतात. दहातल्या बऱ्याच कंपन्या बुडणार हे धरूनच तो चालतो, म्हणून एखादी तरी दसपट-वीसपट वाढावी लागते. वर्षाला 15 टक्के वाढणारी डाळ मिल त्याला चालत नाही. यात मिलचा काही दोष नाही.

पैसे येण्याआधी कंपनीची किंमत 4 कोटी धरून आम्हाला 1 कोटी मिळत होते. मी 25 टक्के हिस्सा जाणार असं धरलं होतं. संभाजीनगरच्या सीएंनी कागदाच्या कोपऱ्यात लिहिलं: 4 अधिक 1, म्हणजे 5, हिस्सा 20 टक्के. मी खूश झालो. मग त्यांनी खालच्या कलमावर पेन टेकवलं: लिक्विडेशन प्रेफरन्स. उद्या कंपनी दीड कोटीला विकावी लागली, तर गुंतवणूकदार आधी स्वतःचा 1 कोटी उचलणार. 80 टक्क्यांचे मालक असून आम्हाला उरणार 50 लाख. हे कलम बहुतेक ठिकाणी असतं, त्यात फसवणूक नाही. पण सहीआधी कळायला हवं.

आमची खरी गरज हंगामाआधी सुटे भाग भरण्याची होती. त्यासाठी सीजीटीएमएसईच्या (लहान उद्योगांच्या कर्जाची बँकेला हमी देणारा सरकारी ट्रस्ट) हमीवर बिनतारण कर्ज पुरलं. तुमचा नमुनाच तयार व्हायचा असेल, तर 2021 साली चार वर्षांसाठी आलेल्या स्टार्टअप इंडिया सीड फंड योजनेत इनक्युबेटरमार्फत (नव्या उद्योगांना आधार देणारी संस्था) 20 लाखांपर्यंत अनुदान मिळत होतं. असं काही आता चालू आहे का, हे आधी इनक्युबेटरकडे विचारा.

माझा तो भागीदार मित्र आता बाजारोबाजारच्या ओलाव्याचे आकडे जमवणारं सॉफ्टवेअर करतोय. त्याला मात्र साहस भांडवलच लागेल: सुरुवातीला उत्पन्न शून्य, पण चाललं तर नव्या बाजारासाठी नवा कारखाना उभारावा लागत नाही. त्याचा करार आला की ते कलम आधी मी वाचणार आहे.