जठर नेमकं कुठं असतं? स्वतःच्या अंगावर बोटानं शोधायची रीत

निपाणी भागात नर्स म्हणून काम करताना हे रोज दिसायचं. "कुठं दुखतंय?" विचारलं की माणूस अख्खा पंजा बेंबीभोवती फिरवतो. आजी मराठी बोलणारी आणि डॉक्टर कन्नड बोलणारे असले, की आजीचं बोट नेमक्या जागी पडणं फार मोलाचं. म्हणून जेवणाआधी उताणं झोपा आणि मी सांगते तसं शोधा.

गळ्यावर बोट ठेवून आवंढा गिळा. जो कडक उंचवटा वर सरकतो तो कंठमणी. त्याच्या खाली आणखी एक कडं लागेल, त्याच्या मागून अन्ननलिका सुरू होते. लांबी साधारण 25 सेंटिमीटर, वितीपेक्षा थोडी जास्त. आधी श्वासनलिकेच्या मागून, मग हृदयाच्या मागून ती उतरते आणि श्वासपटलातल्या, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्यातल्या, फटीतून पोटात शिरते.

हृदय तिच्या अगदी पुढ्यात असतं. त्यामुळं जळजळ कुठली आणि हृदयाचं दुखणं कुठलं, हे नुसत्या जागेवरून कळत नाही. छातीवर दाब, घाम, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ असेल तर "ॲसिडिटी असेल" म्हणून सोडा पीत बसू नका, तडक दवाखाना गाठा. हे मी हात जोडून सांगते.

आता छातीच्या मधल्या हाडावरून बोट खाली आणा. हाड संपतं तिथं, दोन्हीकडच्या बरगड्यांच्या मध्ये, मऊ खळगी लागते. तिच्या जरा वर, मधल्या रेषेच्या थोडं डावीकडं, आत अन्ननलिका जठराला मिळते. घरातल्या कुणाला तरी या खळगीवर कान लावायला सांगा आणि पाण्याचा एक घोट गिळा. आठ-दहा सेकंदांत बारीक खळखळ ऐकू येईल. पाणी जठरात उतरल्याचा तो आवाज. पहिल्यांदा नाही आला तर घाबरू नका, पुन्हा बघा.

जठराचा वरचा फुगीर भाग मात्र या जोडापेक्षाही उंच, डाव्या बरगड्यांच्या आत असतो. तिथं हवा साठते. डाव्या बरगड्यांच्या खालच्या कडेजवळ बोटानं ठोका, पोकळ आवाज येईल. भरपेट जेवून ठोका, आवाज जड होतो. तिथून जठर विळ्यासारखं वळून मधली रेष ओलांडतं आणि जरा उजवीकडं संपतं. गळ्याखालची खाच आणि ओटीपोटाच्या तळाशी मधोमध लागणारं हाड यांच्या बरोबर मध्यावर, बेंबीच्या बरंच वर, हे टोक सापडतं. उभं राहिलं, पोट भरलं, की जठर खाली लोंबतं. मोठ्या माणसाच्या जठरात एक ते दीड लिटर मावतं.

म्हणजे जठराचं दुखणं बहुधा खळगीत आणि तिच्या आसपास. बेंबीभोवतीची कळ बहुतेक वेळा आतड्याची. अपेंडिक्सचं दुखणंही तिथंच सुरू होऊन मग उजवीकडं खाली सरकतं.

रात्री घशाशी आंबट येत असेल तर डाव्या कुशीवर झोपा. जठराचा फुगीर भाग डावीकडं असल्यानं आम्ल तिथं साठतं आणि अन्ननलिकेचं तोंड वर राहतं. उजव्या कुशीवर उलटं होतं.

घास अडकतो असं वाटत असेल तर कुठं, ते बोटानं दाखवा. छातीत खाली दाखवलेली जागा बऱ्याचदा खरी निघते. घशात अडकल्यासारखं वाटलं तरी अडचण खाली असू शकते. भाकरी अडते पण ताक उतरतं, असं होऊ लागलं तर आठवडे घालवू नका. आमच्या पट्ट्यात तंबाखू पिकतोही आणि खाल्लाही जातो, आणि अन्ननलिकेच्या कॅन्सरला तो एक मोठं कारण आहे. डॉक्टर तोंडातून दुर्बीण घालून तपासतात. त्या रिपोर्टमधले आकडे पुढच्या दातांपासून मोजलेले असतात: अन्ननलिका सुरू होते 15 सेंटिमीटरवर, जठर लागतं साधारण 40 वर. गाठ 30 वर लिहिली असेल तर ती छातीत आहे, पोटात नाही.