हॉलिडे क्लबची मेंबरशिप ठेवायची की सोडायची? वर्गणी भरण्याआधी करायचा हिशेब

दरवर्षी मार्चअखेर आमच्याकडे एक ईमेल येतो आणि घरात दोन दिवस धुसफूस चालते. ईमेल हॉलिडे क्लबचा, वार्षिक वर्गणीचा. यंदाचा आकडा जीएसटी धरून २६,००० रुपये. तळाशी बारीक अक्षरात 'सुधारित सदस्य सुविधा' अशी एक लिंक. सुधारित म्हणजे कमी केलेल्या, हे आता पाठ झालंय.

२०१३ साली घोडबंदर रोडवरच्या एका मॉलमध्ये आम्ही लकी ड्रॉचं कूपन भरलं आणि पुढच्या रविवारी हॉटेलच्या हॉलमध्ये सामोसे खाऊन साडेतीन लाखांच्या कागदांवर सह्या करून बाहेर पडलो. पंचवीस वर्षं, दरवर्षी सात रात्री क्लबच्या रिसॉर्टमध्ये राहण्याचा हक्क. ठाणे आणि नवी मुंबईत अशी घरं काही कमी नाहीत. आमच्याच सोसायटीत चार निघाली, आणि चौघांचीही तक्रार एकच: सुरुवातीला जे दाखवलं त्यातलं एकेक काढून घेतलं जातंय, वर्गणी मात्र वाढतेय. ठेवायची की सोडायची हे आम्ही यंदा एकदाचं ठरवलं. ज्या क्रमाने ठरवलं तोच क्रम इथे देते.

पहिलं काम: फाईल शोधा

माळ्यावर असेल, कपाटाच्या खालच्या खणात असेल. करारपत्र, नियमावली आणि सगळ्या पावत्या हव्यात. ब्रोशर सापडलं तर तेही जपून ठेवा. करारात पेन्सिलने या जागांवर खुणा करा: मेंबरशिप कोणत्या तारखेला संपते, वर्गणी किती वाढू शकते आणि त्यावर काही मर्यादा आहे का, 'सुविधा बदलण्याचा अधिकार कंपनीला राहील' असं वाक्य आहे का (बहुधा असतंच), दुसऱ्याच्या नावावर करता येते का, परत करता येते का, वर्गणी थकली तर काय आणि मेंबर गेला तर वारसाकडे काय जातं. शेवटच्या मुद्द्याकडे लोक बघतच नाहीत. वारसाकडे सात रात्री जातील, पण वर्गणीही त्यांच्यासोबत जाईल.

आणखी एक गैरसमज इथेच मिटवा. 'आपली लोणावळ्याला प्रॉपर्टी आहे' असं माझे सासरे पाहुण्यांना सांगायचे. आपल्याकडच्या बहुतेक योजनांत प्रॉपर्टी वगैरे काही नसते. ठरावीक वर्षं, ठरावीक सीझनमध्ये, ठरावीक मापाची खोली वापरण्याचा हक्क, एवढंच आपण विकत घेतलेलं असतं. फ्लॅटसारखा त्याचा भाव वाढत नाही.

मग गेल्या पाच वर्षांच्या रात्री मोजा

आठवणीवर जाऊ नका. आठवणीत आपण दरवर्षी फिरलेलो असतो. क्लबच्या ॲपवर जुनी बुकिंग दिसतात, नाहीतर फोनमधल्या फोटोंच्या तारखा बघा.

आमचं असं निघालं. २०२१ ते २०२५ या पाच वर्षांत वर्गणी भरली १८,५००, १९,८००, २१,२००, २२,७०० आणि २४,३००. एकूण १,०६,५०० रुपये. हक्काच्या रात्री ३५, आणि प्रत्यक्षात वापरल्या १७. एका वर्षी लेकीची दहावी, एका वर्षी सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन, आणि एका मे महिन्यात वेटलिस्ट शेवटपर्यंत हललीच नाही. म्हणजे एका रात्रीला जवळजवळ ६,२६५ रुपये. जेवण वेगळं, प्रवास वेगळा. सगळ्या रात्री वापरल्या असत्या तर हाच दर ३,०४० च्या आसपास बसला असता. तीन हजार हा आकडा हॉलमधल्या त्या सेल्समनने दाखवलेल्या गणिताच्या जवळचा होता. फक्त त्याच्या गणितात कोणाचा गुडघा दुखत नव्हता.

पुढची वर्षं मोजा, मागची नाही

आमच्याकडे सगळी गाडी इथेच अडत होती. 'साडेतीन लाख भरलेत ना, मग सोडायचं कसं?' हे दरवर्षी व्हायचं. ते साडेतीन लाख ठेवलं तरी गेलेत, सोडलं तरी गेलेत. हिशेबात घ्यायचे ते यापुढे खिशातून जाणारे पैसे.

आमची बारा वर्षं उरली आहेत. वर्गणी आत्तापर्यंत दरवर्षी साधारण सात टक्क्यांनी वाढली. तोच वेग धरला तर २६,००० ची वर्गणी शेवटच्या वर्षी ५४,७०० च्या घरात जाते, आणि बारा वर्षांची बेरीज येते ४ लाख ६५ हजार. म्हणजे सुरुवातीला भरलेल्या साडेतीन लाखांहून जास्त अजून भरायचे आहेत. आमच्या ह्यांनी हा आकडा तीनदा कॅल्क्युलेटरवर करून बघितला.

यावर कोणी म्हणेल, हॉटेलंही महागणारच की. महागतील. पण ज्या वर्षी कुठे गेलो नाही त्या वर्षी हॉटेल बिल पाठवत नाही.

कमी झालेल्या प्रत्येक सुविधेसमोर रुपये लिहा

'पूर्वीसारखं राहिलं नाही' याने निर्णय होत नाही. वहीत दोन रकाने करा. डावीकडे गेलेली सुविधा, उजवीकडे तिच्यामुळे तुमच्या घराला एका सहलीत किती जास्त पडतात ते.

आमच्यासाठी सगळ्यात महाग पडलं ते खोलीतलं स्वयंपाकघर. आधी गॅस, दोन पातेली, फ्रिज असायचा. आम्ही तांदूळ, मुगाची डाळ, गोडा मसाला, लोणच्याची छोटी बरणी घेऊन जायचो. रात्री खिचडी टाकली की झालं, सासूबाईंच्या एकादशीला साबुदाणाही तिथेच भिजायचा. आता खोलीत किटली आणि चहाची पाकिटं. नाश्ता माणशी ६०० रुपये. चार माणसं, तीन दिवस, ७,२०० रुपये फक्त नाश्त्याचे, आणि त्यात सासूबाई खातात दोन इडल्या.

बाकीच्या गोष्टी भराभर लिहून होतील. न वापरलेल्या रात्री पुढे नेण्याची मुभा किती वर्षांवर आली? नातेवाइकांना पाठवलं तर आता पाहुणा-शुल्क लागतं का? शनिवार-रविवारच्या रात्रीला जास्त पॉइंट (काही क्लब रात्रींचा हिशेब असा ठेवतात) कापतात का? परदेशातल्या अदलाबदलीची, म्हणजे आपल्या रात्रींच्या बदल्यात तिकडच्या रिसॉर्टमध्ये राहण्याची, फी किती झाली? आम्ही परदेशी अदलाबदल कधी केलीच नव्हती, म्हणून तिच्यासमोर शून्य लिहिलं. हेही महत्त्वाचं. तुम्ही कधी न वापरलेली सुविधा बंद झाली तर तुमचं काही गेलेलं नाही, त्याचा राग हिशेबात धरू नका.

एक संध्याकाळ बुकिंगची परीक्षा घ्या

मला विचाराल तर सगळ्यात कामाची पायरी हीच. कागदावर काय मिळतं हे करार सांगतो, खरोखर काय मिळतं हे ॲप सांगतं. पैसे न भरता शेवटच्या पानापर्यंत जाऊन पाच बुकिंग करून बघा, आणि तारखा तुमच्या घराच्या निवडा: शाळेला दिवाळीची सुट्टी लागते तो आठवडा, मेचा पहिला आठवडा, नाताळ, कोणताही जोडून सुट्टीचा शनिवार-रविवार, आणि पावसाळ्यातले मधले वार. बुकिंगची खिडकी उघडते त्या दिवशी सकाळी बसलात तर आणखी खरं चित्र दिसेल.

आम्ही डायनिंग टेबलवर लॅपटॉप ठेवून बसलो. महाबळेश्वर मेमध्ये: वेटलिस्ट. लोणावळा शनिवार-रविवार: फक्त रविवारची रात्र. दिवाळीत कोकण: आमचा सीझन चालत नाही, फरक भरा. नाताळात काहीच नाही. जुलैत गोवा, मंगळवार ते गुरुवार: उपलब्ध, वर मोठी खोली फुकट.

लेक म्हणाली, 'आई, आपल्याला पाऊस विकलाय.'

मग त्याच तारखांना तीच खोली बाहेरच्या हॉटेल बुकिंग साइटवर शोधा, लॉगिन न करता. मेंबरला 'उपलब्ध नाही' असलेली खोली तिथे पैसे मोजून मिळत असेल तर स्क्रीनशॉट काढून तारखेसह ठेवा. पुढे तक्रार करायची वेळ आली तर लागेल.

तेवढ्याच पैशांत दुसरं काय येतं

दर महिन्याला २,२०० रुपयांचं आरडी केलं की वर्षाला २६,४०० जमतात. ठाणेकरांना हे पैसे खर्चायला जागा भरपूर. एमटीडीसीची निवासं गणपतीपुळे, तारकर्ली, महाबळेश्वर, माळशेज घाट अशी सगळीकडे आहेत. मडगावची वंदे भारत २०२३ पासून ठाण्याला आणि पनवेलला थांबते, खेड, रत्नागिरी, कणकवली तिच्याच वाटेवर. करही बघा: सप्टेंबर २०२५ पासून रात्रीला ७,५०० रुपयांपर्यंतच्या हॉटेलच्या खोलीवर जीएसटी ५ टक्के आहे. आमच्या वर्गणीच्या बिलावर तो १८ टक्के लागलेला आहे.

आता ठरवा

माझा ठोकताळा साधा आहे. वर्षाला पाच-सहा रात्री खरोखर वापरता, शाळा-परीक्षांना बांधलेले नाही, मधल्या वारी निघू शकता, आणि तुमचा दर बाहेरच्या खोलीपेक्षा निदान चौथ्या हिश्शाने कमी पडतो, तर खुशाल ठेवा. नुकतेच निवृत्त झालेल्यांना हे छान जमतं. तीनपेक्षा कमी रात्री होत असतील आणि बारावी, लग्नकार्य, आजारपण समोर दिसत असेल तर सोडण्याच्या तयारीला लागा. अध्येमध्ये असाल तर एक वर्ष आणखी द्या, पण भिंतीवरच्या कालनिर्णयवर तारीख लिहून.

सोडायचं ठरलं तर

वर्गणीची तारीख उलटायच्या आत हालचाल करा. फोनवर बोलू नका, ईमेल करा. आधी विचारा: परत केली तर किती मिळतात, नाव बदलायला किती लागतात, एक-दोन वर्षं थांबवता येते का. कधीकधी कस्टमर केअरवाले सोडणाऱ्याला थोपवायला जादा रात्री देऊ करतात. त्या घेतल्या तर वापरणार का, एवढंच बघा.

विकायला काढली तर फार आशा ठेवू नका. आमच्या सोसायटीतल्या एका काकांना मूळ किमतीच्या पाचव्या हिश्शाचीही ऑफर आली नाही. उलट फोन आला: 'तुमच्या मेंबरशिपला गिऱ्हाईक आहे, आधी जीएसटी आणि प्रोसेसिंगचे ३०,००० भरा.' विकणाऱ्याकडून आगाऊ पैसे मागणारा फोन आला की ठेवून द्या. पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० वर सायबर फसवणुकीची तक्रार नोंदवा. या बाबतीत तास मोजले जातात.

नुसती वर्गणी भरायची थांबवणं हा उपाय मला पटत नाही. थकबाकी आणि व्याज चढतं, बुकिंग बंद होतं. मूळ रक्कम बँकेच्या किंवा वित्तसंस्थेच्या हप्त्यांवर असेल तर ते हप्ते बुडवले की सिबिल स्कोअर खाली येतो.

तक्रार करायची असेल तर सुरुवात १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनपासून करा. तिथे निपटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, कंपनीचं ऑफिस कुठेही असो. भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, आणि तक्रार ऑनलाइन दाखल होते. वाशी, नेरुळवाल्यांचा जिल्हा ठाणे. खारघर, कामोठे, पनवेल मात्र रायगडमध्ये येतात आणि तिथलं आयोगाचं कार्यालय अलिबागला. पत्त्यात नवी मुंबई लिहिलंय म्हणून ठाण्यात खेटे घालू नका. करारच एकतर्फी आहे, असा मुद्दा असेल तर तो राज्य आयोगापुढे जातो. मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं. म्हणून 'सुधारित सुविधा'वाले ईमेल डिलीट करू नका, घड्याळ तिथूनच चालू होतं.

आम्ही यातलं काहीच केलं नाही. ऐरोलीला माझे धाकटे दीर राहतात. मुलं बालवाडीत, दोघांचंही काम घरून. त्यांना मंगळवार काय आणि शनिवार काय. त्यांच्यापुढे सगळा हिशेब ठेवला, बारा वर्षांच्या बेरजेसकट. जाऊबाईंनी वही दोन दिवस घरी नेली आणि मग हो म्हणाल्या. रक्ताच्या नात्यात नाव बदलायची फी कमी होती, ती आम्ही भरली, पुढची वर्गणी त्यांची. जुलैत ते गोव्याला जाऊन आले, मंगळवार ते गुरुवार. जाताना आमच्या दोन मोठ्या छत्र्या घेऊन गेले होते, त्या अजून परत आलेल्या नाहीत.